शाळेतली भुलाबाई

बोंडं फुटायला लागली की माझ्या लेकाचं डोकं फिरतं. तो अमरावतीला मराठी शाळेत हेडमास्तर आहे. एरवी गरीब गाय, पण कोजागिरी सरली की टोपी खुंटीला अडकवायच्या आधीच त्याचं सुरू होतं. आज निम्मी पोरं आली नाहीत, सगळी वावरात गेली, आणि जी आली त्यांचं ध्यान खिडकीबाहेर. परवा वैतागून त्याने लेझीम बंद केली. शनिवारी पोरं उभी राहून गोष्टी सांगायची, तेही बंद. मला म्हणाला, "आई, आधी परीक्षा. मग वेळ उरला तर खेळ." मी म्हटलं, "जी पोरं येत नाहीत त्यांना बोलवायला तुझ्याजवळ तेवढंच होतं, तेच तू काढून घेतलंस." तो हसला. आईचं बोलणं हसण्यावारी न्यायची त्याची जुनी खोड आहे.

मी काही शिकवणारी बाई नव्हे. पण मी लिहायला-वाचायला कशी शिकले हे मला लख्ख आठवतं, आणि माझ्या लेकाच्या रीतीने तर मुळीच शिकले नाही.

आश्विनातली ही हवाच तशी आहे. पहाटे अंगावर शहारा, दुपारी टाळू तापवणारं ऊन. कापसाच्या गाड्या जायला लागल्या की रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकून राहतात. अमरावतीत आता कापसाचे कारखाने झाले, त्यांचे भोंगे वाजतात, माणसं भोंग्यावर जेवतात. पण काट्याला अडकलेला पुंजका तोच आहे. तो दिसला की मी मनाने अकोल्यात जाऊन पोचते, माझ्या लहानपणच्या त्या एका हंगामात.

तेव्हा कापसाला कुणी ऐकला नव्हता असा भाव आला होता. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, आणि आमच्या काळ्या मातीचं नशीब उघडलं. ज्यांच्या घरी सणाला गोड होत नव्हतं त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. माझे वडील वखारीवर मापारी होते. दिवसभर कापूस तोलून घरी आले की हातपाय धुता धुता म्हणायचे, "लोक येडे होऊन राह्यले." ज्वारीच्या वावरातही लोकांनी कापूस पेरला होता. पेरायला पेरला, पण वेचणार कोण? ज्याच्या घरी जास्त हात तो भाग्याचा. म्हाताऱ्या, पोटुश्या, नुकत्या चालायला लागलेल्या पोरी, वावराला सगळ्या हव्या होत्या.

आणि नेमकी अशाच वेळी अकोल्यात पोरींची शाळा निघाली. आधी तिला जागाच मिळेना. ओसरी म्हणू नका, गोठा म्हणू नका, जिथे पाहाल तिथे कापूस भरलेला. शेवटी सरकारने एका वखारीची मागची खोली भाड्याने घेतली. मधल्या भिंतीपलीकडे कापसाचा ढीग असायचा. त्याचे तंतू हवेत तरंगत असायचे, पाढे म्हणताना नाकात जायचे, आणि एकीला शिंक आली की ओळीने सगळ्यांना यायची. आम्ही मूठभर पोरी होतो. मापाऱ्याची मी गोदी, कापूस पिंजणाऱ्यांच्या घरची नूरी, कारकुनांच्या एक-दोघी, आणि कुणब्याच्या घरची एकटी काशी.

मास्तर साताऱ्याकडचे. पोक्त माणूस, बायको कधीच वारलेली, घरी कुणी नाही. आमची बोली त्यांच्या कानाला टोचायची. आमच्या तोंडात 'ळ' येईपर्यंत त्याचा 'य' होतो, आणि 'मला' म्हणायचं म्हटलं तर 'मले' निघतं. ते दिवसभर सुधारत राहायचे, आम्ही दिवसभर त्यांच्यापुरतं सुधारायचो आणि दाराबाहेर पडलो की पुन्हा 'मले'. धूळपाटीवर अक्षर काढायचं, पुसायचं, परत काढायचं. त्यानंतर पाढे, पावकी, निमकी. पोरींना मारायचं नाही असा वरून हुकूम होता, म्हणून मास्तर छडी जमिनीवर मारायचे आणि आम्ही त्या बिचाऱ्या जमिनीकडे बघत बसायचो. वर्ष उलटलं तरी आम्हाला अक्षरं नुसती ओळखता येत होती. ती एकापुढे एक ठेवून काय करायचं हे ठाऊक नव्हतं, आणि करावं असं वाटतही नव्हतं.

काशीचं वेगळं होतं. तिला तिच्या आईने एका कामासाठी शाळेत घातलं होतं.

काशीची आई भागीरथीकाकू म्हणजे आमच्या आळीची भुलाबाईची गाणी. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे पोरी घरोघर मातीची भुलाबाई बसवतात. रोज सांजच्याला या घरून त्या घरी जायचं, टाळ्यांवर गाणी म्हणायची, आणि शेवटी डब्यात लपवलेली खिरापत काय आहे ते ओळखायचं, ओळखल्यावर ती खायची. गाणी तशी सगळ्यांनाच येतात. काकू स्वतः रचायची. वावरात ओळ धरून वेचत पुढे जाता जाता रचायची आणि आळीत येऊन म्हणायची. शाळा निघाली तेव्हा ती काशीला घेऊन आली. दाराच्या आडून, पदर पुढे ओढून म्हणाली, "मास्तर, हिले माही गानी लिवता आली पायजे. बाकी काई नाई. मी गेल्यावर कोन म्हनन?"

मास्तर म्हणाले, "बाई, इथे गाणी शिकवत नाहीत. इथे विद्या शिकवतात."

"मंग विद्या शिकवा," काकू म्हणाली. "गानी तिची ती लिवन."

त्याच्या पुढच्या श्रावणात गावात पटकीची साथ आली. सकाळी नदीवरून पाणी घेऊन येताना काकू मला म्हणाली होती, "गोदे, वेनी कोनं घातली तुही, तिरपी झाली." दुसरी सकाळ तिने पाहिली नाही. मला अजूनही वेणी घालताना ते आठवतं.

दिवस झाल्यावर काशी शाळेत येऊ लागली, पण तिचं तोंड मिटलं ते मिटलंच. मास्तरांनी विचारलं तरी उत्तर नाही, आम्ही खोड्या काढल्या तरी नाही. घरी ती, तिचा बाप सखारामकाका आणि धाकटा भाऊ. भाकरी तीच थापायची. तिच्या बोटांवर चटक्यांचे डाग दिसायचे.

मग भादव्याची पुनव आली. आमच्या घरी भुलाबाई बसली, नूरी शेजारून धावत आली, आम्ही टाळ्या धरल्या. काशीच्या घरी वर्षभर सण नाही, आणि तिने दुसऱ्याच्या सणालाही जायचं नाही. रीतच ती. ती समोरच्या लिंबाखाली उभी राहायची. आतून मला दिसायची. तिचे ओठ हलत असायचे. आमच्या गाण्यासारखे नव्हते हलत, ती काहीतरी आपलंच म्हणत होती.

एक दिवस मास्तर त्या वाटेने गेले आणि त्यांनीही ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"काल झाडाखाली काय म्हणत होतीस?"

काशी पाटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"रागवत नाही. सांग."

"मायची गानी," ती म्हणाली. "रोज म्हनून पायते. एक एक कडवं जाऊन राह्यलं मास्तर. मले समदं लिवता येत नाई अजून, न् गानं त चाललं."

इतक्या दिवसांत तिने बोललेलं पहिलं वाक्य ते. मास्तरांना 'मले'चं 'मला' करायचं सुचलं नाही. त्यांनी छडी खाली ठेवली. "मग घरी मोठ्याने म्हणत जा," ते म्हणाले.

"घरी कशी म्हनू? घरी सन नाई."

त्या दिवशी पाढे झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी मास्तर आले ते टोपलीत मोर्णा नदीकाठची चिकणमाती घेऊन. पांढऱ्या धोतराला चिखल लागलेला. टोपली आमच्यापुढे ठेवून म्हणाले, "आमच्याकडे हादगा असतो. तुमची भुलाबाई कशी असते मला ठाऊक नाही. करा."

नूरीने विचारलं, "शाळेत? काशी चालते का मग?"

"चालते," मास्तर म्हणाले. "शाळेला सुतक नसतं."

गावात व्हायची ती कुजबुज झालीच. एक भटजी विचारायलाही आले. मास्तरांनी त्यांना बसायला दिलं आणि म्हणाले, "ही खोली सरकारची. सरकारच्या घरी कोण वारलं ते सांगा, तेवढं सुतक पाळतो." भटजी उठून गेले.

त्या दिवसापासून तिसऱ्या प्रहरी शाळेत भुलाबाई सुरू झाली. पहिल्या दिवशी काशी गायला उभी राहिली तेव्हा तिचा आवाज फुटेना. फुटला तेव्हा तो हुबेहूब काकूचा होता, खालच्या पट्टीत जरा खरखरीत. आम्ही टाळ्या वाजवायच्या विसरलो. मी रडले, नूरी रडली, आणि काशी मात्र एखादं काम संपवायला बसल्यागत गाणं संपवूनच खाली बसली.

मास्तरांनी दोन गोष्टी केल्या. खिरापत ओळखायची ती बोलून नाही, पाटीवर लिहून. डबा हलवला, आत खुळखुळलं, नूरीने नुसत्या वासावरून ओळखलं, तरी तोंडावर हात. लिही म्हटल्यावर तिचा जीव कासावीस व्हायचा. तोंडापर्यंत आलेले फुटाणे पाटीवर उतरवता येत नव्हते, आणि दुसरीने आधी लिहिलं तर पहिला घास तिचा. या खिरापतीच्या मारे आम्ही इतकी अक्षरं शिकलो की मास्तर स्वतःच चकित झाले. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी एक भिंत चुन्याने पांढरी करून घेतली, वाटीत गेरू कालवला, आणि काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून ती काशीच्या हातात दिली. "लिही तुझ्या आईची गाणी," म्हणाले. "अडलं की विचार."

आणि ती अडायची, विचारायची, आणि सांगितलेलं कधी विसरायची नाही. जे जोडाक्षर वर्षभर छडीने आलं नव्हतं ते तिला गाण्यात हवं होतं म्हणून एका दुपारी आलं. एकदा तिने भिंतीवर 'मले' लिहिलं. मास्तरांचा हात सवयीने पुढे झाला. काशी वळून म्हणाली, "मायनं असंच म्हटलं." मास्तरांनी हात मागे घेतला. "मग तसंच राहू दे," म्हणाले.

मी लेकाला हे सांगते तेव्हा तो म्हणतो, "आई, परीक्षेला गाणी विचारत नाहीत." नाही विचारत. मला माहीत आहे. पण त्या पंधरवड्यात शाळेच्या दारात पोरी दाटू लागल्या होत्या. ज्यांच्या आयांनी शाळेचं नाव काढू दिलं नव्हतं त्या कडेवर भाऊ घेऊन यायच्या, आधी उंबऱ्याबाहेर उभ्या, मग उंबऱ्यावर, मग आत. गाण्याला आल्या, खिरापतीला थांबल्या, आणि लिहिल्याशिवाय खिरापत नाही म्हटल्यावर मुकाट्याने पाटी मागू लागल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, धाकही घातला नव्हता. आपल्याला हवी असलेली एक गोष्ट अक्षरांच्या पलीकडे ठेवली आहे एवढं त्यांना दिसलं. पोरांना ते दिसलं की मास्तरांचं निम्मं काम होतं, असं माझं म्हणणं आहे, आणि हेडमास्तर कितीही हसले तरी ते मी बदलणार नाही.

भिंत भरत आली. कोजागिरी जवळ आली. सगळ्यांना ठाऊक होतं की कोजागिरी झाली की वेचणी, आणि वेचणी लागली की काशी गेली. ती झपाटल्यासारखी लिहीत होती. शेवटी एक गाणं राहिलं आणि ते एका जागी अडलं.

पांढरं बोंड, कायी माती,
वेचता वेचता भरली ओटी.
धुऱ्यावरती टांगली झोयी,
झोयीत निजली...

धुरा म्हणजे वावराचा बांध. पुढे नाव होतं. कुणाचं, यावर आमचं भांडण झालं. नूरी म्हणाली, "नूरीबाई. मी सौ बार ऐकलंय." मी म्हटलं, गोदाबाई, माझ्या कानांनी ऐकलंय. दोघीही खरं बोलत होतो. हे गाणं काकू एकटीच म्हणायची, आणि ज्या घरी म्हणायची त्या घरच्या पोरीचं नाव त्यात घालायची. आळीतल्या प्रत्येक पोरीला ते गाणं आपलं वाटायचं.

"तुझ्या घरी म्हणताना काय म्हणायची?" मास्तरांनी काशीला विचारलं.

"आमच्या घरी मायनं म्हटलंच नाई. आमच्या घरी भुलाबाई असली की ती खिरापत करत चुलीपाशी राहे. गानी दुसऱ्या बाया म्हनत." मग जरा थांबून म्हणाली, "समद्यायचं नाव घेतलं तिनं. माहंच नाई घेतलं."

मास्तर म्हणाले, "मग तुझंच लिही. तुझीच आई."

"तिनं म्हटलं नाई ते मी कशी लिवू?"

तिने ती जागा कोरी सोडली आणि खालच्या ओळी लिहिल्या. ओटी सांडू दे, सांडू दे, लेकीले माह्या रडू नको दे. मास्तरांनी परत आग्रह केला नाही. मला मात्र काशीचा राग आला. एवढं काय, लिहून टाकावं नाव, कोण बघणार होतं. आता वाटतं, तिला आईची गाणी हवी होती, आपल्या मनची नको होती.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मोर्णेत भुलाबाई शिरवून परत आलो तर दारात सखारामकाका उभे. पागोटं हातात, वहाणा बाहेर. या माणसाला बोलायचं म्हणजे कष्ट पडायचे.

"मास्तर, उद्या सीतादही हाये," ते म्हणाले. पहिल्या वेचणीआधी घरच्या बाईने वावरात जाऊन पराटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, दहीभात वाहायचा असतो, तीच सीतादही. "घरात दुसरं बाईमानूस नाई. हिलेच करा लागन. मंग वेचनी. आता काशीले धाडनं होनार नाई."

"वेचणी झाल्यावर?"

"वेचनी झाल्यावर लगन पाहू. पोरीची जात, मास्तर." हे त्यांनी मान खाली घालूनच सांगितलं.

मास्तरांनी बोलून काय उपयोग होता, कापूस वावरात उभा होता. काशी रडली नाही. ती बापाजवळ गेली आणि म्हणाली, "बा, एवढं आयकून घे. मंग जाऊ." आणि भिंतीपुढे उभी राहून वाचू लागली. बोट अक्षराखाली, आवाज आईचा. सखारामकाका उभे होते ते हळूहळू खाली टेकले. बायकांची गाणी ती, पुरुषाने कधी समोर बसून ऐकलेली नसतात. ते भिंतीकडे बघत नव्हते, पोरीच्या तोंडाकडे बघत होते.

शेवटच्या गाण्यात ती थांबली.

"काहून थांबली?"

"इथं नाव नाई. ज्या घरी गेली त्या घरच्या पोरीचं घेतलं मायनं. खरं कोनाचं ते ठाऊक नाई मले."

सखारामकाका पागोटं या हातातून त्या हातात घेत राहिले.

"तुहंच हाये," ते म्हणाले. "तू तान्ही होती. बाभईले झोयी टांगली होती. तू रडली तशी ती पयत गेली, ओटीतला कापूस समदा मातीत. मी बोललो तिले. लय बोललो, कापूस सांडला म्हनून. त तिनं मले काई उत्तर नाई देल्लं. तुले घेतलं न् हे गानं म्हटलं. माह्याकडे पाहून म्हटलं." मग त्यांनी ती ओळ म्हणून दाखवली. "झोयीत निजली काशीबाई. काशीबाईच म्हटलं. मी होतो ना तठी."

काशीने काडी गेरूत बुडवली आणि कोऱ्या जागी आपलं नाव लिहिलं. ते बाकीच्या अक्षरांपेक्षा वाकडं आलं. सखारामकाकांनी विचारलं, "यातलं काशी कोन्तं?" तिने दाखवलं. ते उठून भिंतीजवळ गेले, ओला गेरू पुसेल म्हणून हात न लावता नुसतं पाहिलं, आणि वहाणा घालून चालू लागले. काशी त्यांच्या मागोमाग गेली. खोलीत आम्ही राहिलो आणि मास्तर. त्यांनी आम्हाला लवकर सोडलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तिची जागा मोकळीच होती. मास्तरांनी पाढे सांगितले, आम्ही म्हटले, कुणाचंच लक्ष नव्हतं. तिसरा प्रहर झाला तेव्हा दारात सावली पडली. सखारामकाका होते आणि पुढे काशी. दोघांच्या केसांत, कपड्यांवर कापूस. काशीच्या बोटांना बोंडांचे ओरखडे, काकांच्याही. ते थेट वावरातून आले होते.

"मास्तर, आता धाडीन रोज, पन याच वक्ताले," काका म्हणाले. मग त्यांनी काशीच्या पाठीवर हात ठेवून तिला आत लोटलं. "वेचता वेचता मले अजून एक गानं याद आलं तिचं. बस, लिवून घे काशी. मीबी इसरून जाईन."